मेला पाय, मेलं इंजिन

मध्यंतरी एका तरुण अधिकाऱ्याचा मला फोन आला. बाबा ज्या स्क्वाड्रनमध्ये शिकाऊ वैमानिकांना शिकवत असत, तिचा इतिहास छापायचा घाट घातला होता आणि जुन्या इन्स्ट्रक्टरांच्या घरच्यांकडून आठवणी गोळा करायचं काम या मुलाच्या गळ्यात पडलं होतं. मुलगा अदबीने बोलला. जे आठवेल ते लिहा, कितीही लिहा, म्हणाला. मी बसून चार पानं लिहिली आणि पाठवून दिली. काही महिन्यांनी गुळगुळीत कागदाचं जाडजूड पुस्तक घरी आलं. स्क्वाड्रन कुठल्याशा माळावर तंबूंमध्ये कशी सुरू झाली, डकोटा विमानं कशी आली आणि कशी गेली, शेवटी आमच्या बंगळूरच्या बाजूला मुक्काम कसा पडला, इथे दोन इंजिनांचं विमान शिकून गेलेल्यांनी पुढे कुठे कुठे नाव काढलं, हे सगळं त्यात आहे. बाबांचा गॉगल लावलेला एक फोटो आहे. त्याखाली माझ्या चार पानांचं सार तीन शब्दांत दिलंय : 'कडक, पण न्यायी.' मी फक्त 'कडक' लिहिलं होतं. पुढचं त्यांनी जोडलं.

ते वाचून मला आलेला राग या वयाला शोभणारा नव्हता. मुलगा म्हणाला, आई, आजोबांना जाऊनही आता किती वर्षं झाली, सोड की. मी सोडलं नाही. त्या पुस्तकात दर तुकडीचा फोटो आहे, खुर्च्यांवर इन्स्ट्रक्टर आणि मागे उभी पोरं, सगळी हसणारी. रघूमामाच्या तुकडीचाही आहे, पण त्यात रघूमामा नाही. असे फोटो पास झालेल्यांचे काढतात. जो तिथून गेला त्याची जागा रिकामीसुद्धा ठेवत नाहीत, बाकीचे सरकून उभे राहतात. त्यांचा इतिहास त्यांना लखलाभ. आमच्या घरचा मी लिहिते.

आमचं क्वार्टर धावपट्टीच्या इतकं जवळ होतं की कपाटातल्या बश्या दिवसभर एकमेकींना लागून किणकिणत असायच्या. शिकाऊ पोरं सकाळपासून एकच विमान गोल गोल फिरवत. उतरायचं, चाकं टेकवायची, पुन्हा वर जायचं, पुन्हा आमच्या कौलांवरून वळायचं. आई त्या आवाजावर कधी आवाज चढवत नसे. ती वाक्याच्या मध्येच थांबायची, विमान जाऊ द्यायची, आणि ज्या शब्दावर थांबली होती त्याच शब्दापासून पुढे बोलायची. मीही तशीच बोलायला शिकले. नव्या पाहुण्यांना वाटायचं की या मायलेकींचं काहीतरी बिनसलंय. अजूनही बोलता बोलता मी अशी थांबते, आणि समोरच्याला कळत नाही मी कशाची वाट बघतेय.

बाबा सांगलीकडचे. आई मल्लेश्वरमची, म्हणजे बंगळूरच्या जुन्या मराठी घरातली. तिची माणसं शहाजीराजांच्या फौजेबरोबर आली आणि इथलीच झाली, असं अज्जा सांगत. अज्जा म्हणजे माझ्या आईचे वडील. मल्लेश्वरमला आठव्या क्रॉसच्या गल्लीजवळ त्यांचं कापडाचं दुकान होतं. बाबा बदलीवर इथे आले तेव्हा पडद्याचं कापड घ्यायला त्या दुकानात गेले. आत अज्जा कोणावर तरी मराठीतून रागावत होते, ते ऐकून बाबा थबकले, आणि पुढच्या वर्षी त्यांचं आईशी लग्न झालं. एवढी हौसेने केलेली बायको. पण तिचं मराठी मात्र त्यांना कधी चाललं नाही. ती म्हणायची, "स्वल्प थांबा, वाढते." ते म्हणायचे, "थोडं. स्वल्प नाही, थोडं." ती "सरी" म्हणायची, ते "बरं" म्हणायचे. ही दुरुस्ती ते चिडून करत नसत, हसूनही करत नसत. विमानातली एखादी चुकीची कळ शांतपणे बरोबर जागी नेऊन ठेवावी तशी करत. आई पुन्हा स्वल्पच म्हणायची. आमच्या शेगडीवर दोन स्वयंपाक व्हायचे. बाबांसाठी आमटी-भात आणि पोळी, आम्हा दोघींसाठी नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, आणि सारू, म्हणजे पातळ तिखट कालवण. हिवाळ्यात अवरेकाळूच्या, म्हणजे वालासारख्या, शेंगा यायच्या तेव्हा आई त्या टोपलीने आणायची आणि आम्ही व्हरांड्यात बसून सोलायचो. तो वास बाबांना सहन होत नसे. ते खिडकी उघडायचे.

रघूमामा आईचा एकुलता भाऊ. त्यांची आई तो अगदी लहान असताना वारली, त्यामुळे अक्कानेच, म्हणजे माझ्या आईनेच, त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत सोडलं, मारलंही. लग्न होऊन आई आमच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा मामा प्रत्येक सुट्टीत इकडेच असायचा. त्याला विमानाचं वेड लावलं ते बाबांनीच. हात धरून त्याला हँगरमध्ये नेलं, चालकाच्या खुर्चीत बसवलं, टोपी घातली. अज्जांची इच्छा मुलाने दुकान बघावं अशी होती. बाबा मल्लेश्वरमला जाऊन त्यांना समजावून आले की पोरगा हुशार आहे, त्याला अडवू नका. अज्जांनी जावयाचा शब्द मानला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे बाबांच्या बाजूने बोलणारे सगळे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरायचे.

मामा निवडला गेला, कुठे कुठे शिकून आला, आणि शेवटच्या टप्प्यासाठी नेमका बाबांच्याच स्क्वाड्रनमध्ये आला. त्या संध्याकाळी अज्जांनी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर पेढा ठेवला. बाबांनी मामाला घरी बोलावून एवढंच सांगितलं की गेटच्या आत मी तुझा भावोजी नाही. मामाने हसून सलाम ठोकला. तेव्हापासून तो तळावर 'सर' म्हणायचा आणि आमच्या उंबऱ्यात आला की 'भावोजी'. तेव्हा आम्हा सगळ्यांनाच ती गंमत वाटली.

रविवारी तो जेवायला यायचा. आईचा तो सणच. कोंबडी, मुद्दे, वर लिंबाचं जुनं लोणचं. पण पान मांडलं की बाबा त्याला आधी खुर्चीत बसवायचे आणि त्याच्या पायांपुढे दोन पाट ठेवायचे. हे त्याचे पायडल. दोन इंजिनांचं विमान, उडता उडता एक इंजिन बंद पडलं तर त्या बाजूला वळायला लागतं. चालकाने दुसऱ्या बाजूचा पाय जोरात दाबून ते सरळ ठेवायचं. जो पाय रिकामा राहिला, ज्याला काही काम उरलं नाही, त्याच बाजूचं इंजिन मेलेलं. मग तेवढंच पुरतं बंद करायचं. चुकून चालू इंजिन बंद केलं, तर विमानाला काहीच उरत नाही. मेला पाय, मेलं इंजिन. स्क्वाड्रनच्या प्रत्येक पोराला हे घोकावं लागे. बाबा म्हणायचे, "नाक डावीकडे गेलं." मामा उजव्या पाटावर पाय मारायचा. "मेला पाय?" "डावा." "मेलं इंजिन?" "डावं." असं पंधरा-वीस वेळा, हळूहळू वेग वाढवत. वेग वाढला की मामा अडखळायचा. पाय बरोबर पडायचा आणि तोंडातून उलटं निघायचं, नाहीतर तोंड बरोबर आणि हात भलत्या बाजूला. आई म्हणायची, मेलं ते इंजिन, अन्न निवतंय. बाबा थांबत नसत. एकदा त्यांनी मामाला उठवलं आणि मला त्या खुर्चीत बसवलं. मी तेरा वर्षांची होते, इतके रविवार ऐकून मला सगळं पाठ होतं. मी एकदाही चुकले नाही. बाबा मामाकडे बघून म्हणाले, "बघ. हिला येतं." मामाने हसून माझ्या वेणीला हिसडा दिला, पण त्या दिवशी तो लवकर जेवून उठला. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत त्या खुर्चीत बसले नाही.

मामाला शिकवणारे इन्स्ट्रक्टर दुसरेच होते. त्यांनी काही आठवड्यांनी वर कळवलं की मुलगा चांगला उडवतो, उतरवतो, पण इंजिन बंद पडण्याच्या सरावात त्याचा भरवसा वाटत नाही. अशा पोराला थोडे जादा तास देतात आणि मग वरिष्ठ इन्स्ट्रक्टर त्याची शेवटची परीक्षा घेतो. तिला ते 'चेक' म्हणत. वरिष्ठ दोघे होते, त्यांतले एक बाबा. हे आईला शेजारच्या क्वार्टरमधून कळलं. तिने बाबांना सांगितलं की तो चेक तुम्ही घेऊ नका, जे व्हायचं ते दुसऱ्याच्या हातून होऊ दे. बाबा बूट पॉलिश करत होते. बघू, म्हणाले. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ नाही असा होतो, हे आईलाही माहीत होतं. तरी तिने त्या दिवसापुरता त्याचा अर्थ हो असा घेतला.

चेकच्या दिवशी माझी शाळा सकाळची होती, त्यामुळे दुपारी मी घरी होते. आई अवरेकाळूचं सारू करत होती, कारण चेक झाला की मामा जेवायला येणार होता. आधी बाबा आले. नेहमीसारखे हातपाय धुतले, टॉवेल घडी करून जागेवर ठेवला, पाटावर बसले. आईने त्यांचं पान वाढलं, आमटी, भात, वर तूप. बाबांनी भात कालवला आणि म्हणाले, "रघूचं फ्लाइंग बंद केलं आज."

डोक्यावरून विमान गेलं. आई ते जाईपर्यंत थांबली.

"चेक कोणी घेतला?"

"मी."

"दुसरे होते ना?"

"होते. त्यांनी माझ्याकडे बघून त्याला पास केलं असतं."

आई वाकली आणि तिने बाबांच्या पुढचं ताट उचललं. कालवलेला भात, तूप, सगळ्यासकट. मोरीत नेऊन ठेवलं आणि तिथेच आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. आमच्यात जेवत्या माणसापुढून ताट उचलणं म्हणजे काय, ते मराठी वाचकाला सांगायला नको. बाबा रिकाम्या जागेपुढे थोडा वेळ बसले. मग उठले, हात धुतले, टोपी घातली आणि तळावर परत गेले. मामा त्या दिवशी आला नाही. तो त्याच दुपारी आपली ट्रंक घेऊन बसने मल्लेश्वरमला गेला होता. सारू आम्ही कोणीच खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी अज्जा आले. धोतर, काळा कोट, हातात छत्री. बाबांनी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. मी पाण्याचा तांब्या नेला, त्याकडे त्यांनी पाहिलं नाही. अज्जा ओरडले नाहीत, पण त्या दिवशीचा त्यांचा तो हळू आवाज मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटला. ते म्हणाले, जावई, तुम्ही त्याला नापास केलात, ते तुमचं काम. पण ते काम तुम्ही मागून घेतलंत. ते का?

बाबा उभ्याने म्हणाले की रघूचा हात चालू इंजिनाच्या दांड्याकडे गेला होता, आणि त्या विमानात पुढे त्याच्या पाठीमागे तीस-चाळीस जवान बसणार होते. मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी स्क्वाड्रनमध्ये प्रत्येक नव्या तुकडीला सांगितली जाई : फार पूर्वी एका पोराला इन्स्ट्रक्टरने दया येऊन पास केलं, आणि वर्षभरात त्या पोराने चालू इंजिन बंद करून सगळ्यांसकट विमान डोंगरावर घातलं. ही गोष्ट खरी की धाक घालायला रचलेली, मला माहीत नाही. छापील इतिहासात ती नाही.

अज्जांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या चाळीस जणांचं बघायला सरकार आहे," ते म्हणाले. "ह्या एकाचं बघणारे तुम्ही होता."

अज्जांनी आईला विचारलं, येतेस काय गे? आईने पेटी आधीच भरलेली होती.

मल्लेश्वरमच्या घरात दुकानावर दोन खोल्या होत्या. एकीत मामा, दुसरीत आम्ही दोघी. मी पहाटे उठून बसने शाळेला जायचे आणि उन्हं उतरल्यावर परत यायचे. तिथे विमानाचा आवाज नव्हता. खाली कापड फाडल्याचा, बाहेर ऑटोवाल्यांचा, फुलवाल्या बायकांचा, संध्याकाळी देवळातल्या घंटेचा आवाज. तरी आई वाक्याच्या मध्ये थांबायची. मामा दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. सरकारने त्याला जमिनीवरची नोकरी देऊ केली होती, हिशेबाची की भांडाराची, ती त्याने नाकारली. खाली गिऱ्हाइकं अज्जांना विचारायची, पायलट कसा आहे? अज्जा म्हणायचे, बरा आहे, आणि कापड मोजत राहायचे. पेढे खाल्लेल्या प्रत्येकाला हे उत्तर द्यायचं होतं. अज्जा त्या वर्षात म्हातारे झाले. त्याआधी ते म्हातारे नव्हते.

मामा अक्काशी मात्र बोलायचा. आईने वर नेऊन जेवणाचं ताट ठेवलं की त्यांचं बोलणं मला ऐकू येई. तो सांगायचा की मी बरोबर ओळखलं होतं अक्का, उजवं गेलं होतं, माझा हात उजव्याच दांड्याकडे निघाला होता, तेवढ्यात त्यांनी कंट्रोल ओढून घेतले. स्वल्प थांबले असते तर. ते स्वल्प आईने मनात धरून ठेवलं. दोन माणसं विमानात होती, तिसरं कोणी नव्हतं. एक म्हणत होता त्याचा हात चालू इंजिनाकडे गेला, दुसरा म्हणत होता मेलेल्या. आईने आपली बाजू ठरवली, आणि ती ठरवल्यावर तिला जरा बरं वाटलं असावं, कारण ती पुन्हा नीट जेवू लागली. मीही तिच्याच बाजूला गेले. मला बाबांची अजिबात आठवण येत नव्हती. खरं तर मला ते आवडतच नसत, ते मला मल्लेश्वरमला कळलं. इकडे कोणी माझे शब्द दुरुस्त करत नव्हतं.

युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, दिवशी बाबा आले. कडुलिंबाचा पाला आणि गूळ वाटून झाला होता, आई होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, लाटत होती. त्यांनी स्कूटर दुकानासमोर लावली आणि पायरीवर उभे राहिले. साधा पांढरा शर्ट. त्यांना कोणी या म्हटलं नाही. अज्जांनी नुसती मान हलवली तेव्हा ते आत आले. त्यांनी सांगितलं की ते कमांडिंग ऑफिसरकडे गेले होते. रघूला आणखी एक चेक मिळेल. दुसऱ्या तळावरून इन्स्ट्रक्टर येईल, ओळखदेख नसलेला. आपण त्या दिवशी रजेवर असू. हे सांगताना त्यांना घाम आला होता. ज्या माणसाने बदलीसाठी, बढतीसाठी, क्वार्टरसाठी कधी कोणाकडे शब्द टाकला नाही, तो हे मागायला गेला होता, आणि मागणं त्यांना कसं गेलं असेल ते दिसत होतं. मला तेव्हा दया आली नाही. बरं झालं, असं वाटलं.

घराचं वातावरण एका क्षणात पालटलं. अज्जांनी कॉफी आणायला सांगितली. आईने तुपात भिजवलेली गरम होळिगे बशीत घालून बाबांपुढे ठेवली. ताट उचलल्या दिवसापासून तिने त्यांना काही वाढलं नव्हतं. मी धावत वर जाऊन मामाला उठवलं. तो लुंगीवर खाली आला, दाढी वाढलेली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो उभा राहिला, आणि आपोआप त्याच्या टाचा जुळल्या. अज्जांनी त्याला सगळं सांगितलं. आई त्याच्या दंडाला धरून उभी होती. मामाने बाबांकडे बघितलं.

"सर," तो म्हणाला. घराच्या आत त्याने त्यांना सर म्हटलं, ते पहिल्यांदा. "तुम्हाला काय वाटतं? मी पास होईन?"

बाबांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मी त्यांच्या अगदी समोर होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी खरोखर विचार केला. एखादा हिशेब पुन्हा वरून खाली तपासावा तसा केला.

"नाही," ते म्हणाले.

मामाने मान हलवली. "मग उगीच कशाला, सर," म्हणाला, आणि जिना चढून वर गेला. वरच्या दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

आईने बाबांना फक्त एक वाक्य विचारलं. "माझ्या घरात बसून एक खोटं बोलता आलं नाही तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "त्याने विचारलं." होळिगे तशीच राहिली. ते स्कूटर सुरू करून गेले. दुसरा चेक कधी झाला नाही. मामाने जायला नकार दिला, आणि तुकडीचा फोटो निघाला तेव्हा तो मल्लेश्वरमच्या त्या खोलीत झोपून होता.

शाळा उघडायच्या सुमारास आई मला घेऊन परत क्वार्टरमध्ये आली. लोक म्हणाले, मिटलं. काही मिटलं नव्हतं. मुलीची शाळा आहे, ऊठसूट बस कोण करणार, एवढंच ते होतं. पुढची सगळी वर्षं तिने बाबांना दोन वेळ गरम वाढलं, आजारपणं काढली, त्यांच्या सांगलीच्या माणसांचं केलं, पण त्यांच्या पंगतीला ती कधी बसली नाही. त्यांचं झालं की आपलं पान घ्यायची. बाबांनी तिचे शब्द दुरुस्त करणं बंद केलं. ती एकच शिक्षा त्यांनी स्वतःला करून घेतली असेल तर असेल. मला ती पुरेशी वाटली नाही.

मामाने पुढे बोम्मसंद्र्याला यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली, तिथेच मोठा झाला, लग्न केलं, होसूर रोडवर घर बांधलं. कामासाठी तो विमानाने देशभर हिंडायचा आणि मामी सांगायची की बसल्या बसल्या झोपतो, उतरल्यावर उठतो. आमच्या दारात तो आला नाही. लग्नकार्यात बाबांची गाठ पडली तर "नमस्कार सर" म्हणायचा, आणि बाबा "कसा आहेस" म्हणायचे. आजूबाजूचे लोक सरकून जायचे. अज्जा गेले तेव्हा दोघे एकाच तिरडीच्या दोन टोकांना होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

निवृत्त झाल्यावर बाबांनी तळाजवळ, येलहंक्यातच, लहान घर घेतलं. विमान गेलं की वर बघायचे. माझं लग्न झालं होतं, मूल होतं, आणि बरीच वर्षं मनात असलेलं मी एकदा त्यांना विचारलं, की खरं सांगा, त्या दिवशी मामाचा हात कुठे गेला होता. ते वर्तमानपत्र वाचत होते. "रघूला विचार," म्हणाले. "त्याला माहीत आहे." मला तो माज वाटला. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे.

बाबा गेले तेव्हा मामा आला. अंगणात उभा राहिला, सगळं होईपर्यंत थांबला, घरात पाऊल न टाकता परत गेला. दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्याकडे गेले. मामी बाहेर गेली होती. तो गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होता, पोट सुटलेला, केस पांढरे. मी बाबांचे शब्द त्याला सांगितले आणि तोच प्रश्न विचारला. त्याने नळ बंद केला.

"मला माहीत नव्हतं मंजू," तो म्हणाला. "कोणतं मेलंय, तेच कळलं नाही. पाय दाबला, तो बरोबर की चूक, ते पण कळलं नाही. हात कुठे गेला ते तर मला अजून सांगता येत नाही. उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, कोणतं होतं रे? मी सांगू शकलो नाही."

मी म्हटलं, मग ते बरोबर होते.

"होते की. म्हणून ते मला आवडले पाहिजेत काय?" त्याने पुन्हा पाण्याचा पाइप उचलला. "मी पंचवीस वर्षांचा होतो. मला तिथे कोणीतरी परका हवा होता, ज्याच्यासमोर मी घाबरलो तर चाललं असतं."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्काला सांगू नको. तिने एवढी वर्षं माझी बाजू घेतली. आता ती मोडून काय करायचं."

मी सांगितलं नाही. आई आता माझ्याजवळ असते, नजर चांगली आहे, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. कन्नड पेपर. तिची सगळी शाळा कन्नडमधून झाली. मराठी ती बोलते, गाते, मराठीत भांडते, पण तिला मराठी अक्षर लागत नाही. मी लिहीत असले की जवळ येऊन कागदावरून हात फिरवते आणि विचारते, काय लिहितेस एवढं? मी म्हणते, बाबांचं. ती म्हणते, लिही, चांगलं झणझणीत लिही, आणि आपलं पान वाढून घ्यायला आत जाते.